आडीतली मुदत

आडीचा वारा सुटला की कुंभकोणम् मध्ये काही म्हणजे काही जागेवर राहत नाही. दोरीवरची पातळं शेजारणीच्या गच्चीवर जाऊन पडतात, जवळीदुकानांवरचे, म्हणजे कापडदुकानांवरचे, ‘आडी सूट’ लिहिलेले फलक फडफडून फाटतात, दारात सकाळी काढलेलं तांदळाच्या पिठाचं कोलम दहा वाजायच्या आत धूळ होऊन आत येतं. आमच्याकडे म्हणच आहे, आडीच्या वाऱ्यात अम्मीसुद्धा उडते. अम्मी म्हणजे वाटण वाटायचा दगडी पाटा. मागच्या अंगणात माझ्या आईची अम्मी आहे, एका माणसाला उचलत नाही. मी जन्मात तिला उडताना पाहिलेलं नाही.

असा हा सगळा उडतापळता महिना, आणि त्यात हलायचं नाही ते फक्त माणसांनी. आडीत लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. जुनं घर सोडायचं नाही, नव्या घरात दूध उतू घालायचं नाही. सामान वाहणारे टेम्पोवाले महिनाभर टेम्पोतच पाय पसरून पडलेले असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळा तमिळ मुलूख जिथे आहे तिथे बसून राहतो, आणि आम्ही मराठीही त्यांच्याबरोबर बसतो. तीनशे वर्षं ज्यांच्यात राहिलो त्यांचे अशुभ दिवस आम्ही शुभ दिवसांच्याही आधी उचलले.

आम्ही म्हणजे तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. छापील मराठी मला लग्नानंतर आली, कारण ह्यांचं शिक्षण सोलापूरला झालं आणि ह्यांच्या ट्रंकेत पुस्तकं होती. ह्यांच्या तिकडच्या मित्रांना मी बोलायला लागले की कुणी पोथी वाचतंय असं वाटायचं. हसायचे बिचारे, पण माझ्या हातचं सांबार दोनदा वाढून घ्यायचे. आता हे तूत्तुक्कुडीला मिठाच्या गोदामावर असतात आणि महिन्यातून दोनदा घरी येतात. बाकीचे दिवस मी आणि हे घर.

हे घर माझं नाही. हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

घर माझ्या अक्काचं, पद्माक्काचं. म्हणजे भाऊजींनी घेतलेलं. ते दोघं माडीवर आणि आम्ही खालच्या पोर्शनमध्ये. भाड्याच्या घराच्या वाट्याला इथे पोर्शनच म्हणतात. पण चौदा वर्षांत आमच्यापैकी कुणी ‘भाडं’ हा शब्द तोंडातून काढला नाही. तमिळ महिन्याची पहिली तारीख आली की मी पितळी ताटलीत विड्याची कवळी पानं मांडायची, पानांखाली पाकीट सरकवायचं, वर सुपारी आणि दोन केळी ठेवायची आणि जिना चढायचा. अक्का ताटली घ्यायची आणि पाकिटाकडे न बघता पानंच बघायची. “पान कोवळें आहे गे,” म्हणायची. ताटली रिकामी परत द्यायची नाही म्हणून तीत कधी चकलीसारखा मुरुक्कू, कधी नारळाची वाटी, कधी नुसती मूठभर साखर टाकायची. पावती मागणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं. तिनं देणं म्हणजे मला परकी ठरवणं होतं. आम्ही दोघी इतक्या सभ्य होतो की आमच्यात कागदाचा एक कपटा नव्हता.

दीड वर्षापूर्वी मार्गळीत, म्हणजे ऐन थंडीत, भाऊजी गेले. अक्काचा मुलगा येऊन तिला चेन्नैला घेऊन गेला, माडीला कुलूप लागलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या गायत्रीचं लग्न झालं, मुलगी होसूरला गेली, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. मग आनी महिन्याच्या शेवटी, म्हणजे आडी लागायला चार दिवस असताना, अक्काचा फोन आला.

“चिन्नी,” ती म्हणाली. मी पन्नाशीला आले तरी तिला चिन्नीच, धाकुटी. “घर सोडावें लागेल गे. मुलगा विकतो म्हणतो. मज काय विचारतो तो? कागद त्याच्या नांवावर झाला.”

माझ्या हातात उलथनं होतं. कढईतलं वांगं करपत होतं. मी म्हणाले, “आतां चार दिवसांत कशी निघूं अक्का? आडी लागते.”

“तर आवणी?” आवणी म्हणजे आडीनंतरचा महिना.

“आवणीच्या पहिल्या तारखेस किल्ली देतें,” मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर मला चक्क हुशार वाटलं. सबंध महिना मिळवला होता मी! आंघोळ करून देवापुढे दिवासुद्धा लावला.

आपली हुशारी आपल्याला किती महागात पडते ते नंतर कळतं. मुदत मागितली, तीही आडीची. जिथे आडीत कुणी घर सोडत नाही तिथे कुणी घर देतही नाही, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आडी लागली त्या दिवसापासून मी छत्री घेऊन निघाले. टू-लेटच्या पाट्या दिसायच्या, दार वाजवलं की मालकीण बाहेर यायची, मला आपादमस्तक बघायची, आणि मी अ‍ॅडव्हान्स द्यायला पिशवीत हात घातला की दोन पावलं मागे सरकायची. जणू मी साप काढतेय.

“आडी संपूं दे अम्मा,” सगळ्यांचं एकच. “आडीत अ‍ॅडव्हान्स घेत नाही आम्ही.”

साक्कोट्टैला एक घर मनासारखं होतं. विहीर, चिक्कूचं झाड, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. म्हातारा मालक भला होता. मी म्हणाले, निदान शब्द तरी द्या. तो म्हणाला, “आडीत दिलेला शब्दही अ‍ॅडव्हान्सच की. आवणीच्या पहिलीला या.” आवणीच्या पहिलीला माझ्या हातात किल्ली नसणार होती आणि छपरही नसणार होतं. बसमधून परत येताना मी तारखा मोजल्या. मागे जायचं नाही, पुढे जायचं नाही, आणि मधे बत्तीस दिवस. उंदराच्या पिंजऱ्याला निदान एक दार असतं.

त्यात गायत्री आली. आडीत नव्या नवरीला माहेरी आणायची आमच्याकडे रीत आहे. नवराबायकोला महिनाभर लांब ठेवतात, म्हणजे चैत्राच्या उन्हात बाळंतपण येत नाही. पोरगी गजरा माळून, हातात नव्या बांगड्या, रिक्षातून उतरली आणि उंबऱ्यावरच म्हणाली, “अम्मा, घराचा वास तसाच आहे गे!” मी तिला काही सांगितलं नाही. मुलीचं लग्न होऊन तीन महिने झालेले आणि माहेर सांगायचं काय, तर आवणीच्या पहिलीपर्यंत? तिच्या सासूला काय वाटेल, हे माझ्या मनात आधी आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

आणि आडीच्या दहाव्या दिवशी अक्का आली, माडीवर राहायला. मुलानंच पाठवली होती, आम्ही खरंच निघतो की नाही ते बघायला. त्यानं तिला पहारेकरी केलं आणि मला कैदी केलं. ती वर चालायची ते मला खाली ऐकू यायचं. देवघरापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून देवघरापर्यंत. उजवा पाय जरा ओढत. लहानपणी तिरुविडैमरुदूरच्या घरात अशीच तिची पावलं ऐकून मी झोपायची. ती ताप आल्यावर उशाशी बसायची, मला परीक्षेला उठवायची, आई गेल्यावर माझी आईच झाली. मला माहेर म्हणून जे काही होतं ते ती होती. आता तेच पाऊल वाजलं की मी हातातला घास ताटात ठेवायची.

गायत्रीला काय, आनंदीआनंद. सकाळ-संध्याकाळ माडीवर. मावशीकडून केसांना तेल लावून घे, मावशीनं कालवलेला भात खाऊन ये. आम्ही दोघी बहिणी तिच्यासमोर गोड गोड बोलायचो. कॉफी वर जायची, मुरुक्कू खाली यायचे. त्या महिन्यात मी जेवढं नाटक केलं तेवढं नाटकमंडळीही करत नसेल.

मग एके सकाळी एक माणूस पोलादी टेप घेऊन आला. अक्काच्या मुलानं पाठवलेला, सौद्याआधी मोजमाप करायला. गायत्री मागच्या अंगणात न्हाऊन केस वाळवत बसली होती. त्या माणसानं टेपचं एक टोक अम्मीजवळ धरलं आणि दुसरं गायत्री बसलेल्या पाटाखालून नेलं. “जरा पाय वर घ्या अम्मा,” म्हणाला. तिनं पाय वर घेतले. टेप खळ्ळकन परत आत गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वर गॅलरीकडे. अक्का तिथे उभी होती, कठड्याला धरून, आणि खाली बघत नव्हती. त्या दिवशी मुलीला सगळं सांगावं लागलं. ती रडली नाही. “मावशी मज तेल लावत होती तेव्हां तिला ठाऊक होतें का?” एवढंच विचारलं.

मी वकिलांकडे गेले. कोर्टाच्या गल्लीत बसणारे, नाकावर चष्मा, टेबलावर माशा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला: “तुम्ही त्या घरात कोण म्हणून राहता? बहीण की भाडेकरू?”

मी म्हणाले, “दोन्ही.”

“दोन्ही चालत नाही,” ते म्हणाले. बहीण असाल तर पाहुण्या, आज सांगितलं तर आज उठायचं. भाडेकरू असाल तर हुकमाशिवाय तुमचं भांडंसुद्धा कुणी रस्त्यावर ठेवू शकत नाही. नव्या कायद्याला लेखी करार लागतो, तो तुमच्याकडे नाही. पण चौदा वर्षांचं लाइटबिल, गॅस, रेशनकार्ड आहे. मुन्सफ कोर्टात मनाई हुकूम मागू. फक्त अर्जात लिहावं लागेल की वादी ही भाडेकरू आणि दरमहा भाडं प्रतिवादीच्या आईच्या हाती देत असे. प्रतिवादी नंबर एक मुलगा. नंबर दोन अक्का. मी म्हणाले, विड्याच्या पानांखाली देत होते. वकील म्हणाले, पानांचं लिहायची गरज नाही.

तो टाइप केलेला अर्ज मी चार दिवस तांदळाच्या डब्यामागे ठेवला. तांदूळ काढताना हाताला लागायचा.

आडीची अठरावी आली. मेट्टूर धरणाचं पाणी सुटून कावेरी भरलेली असते, त्या दिवशी सगळ्या बायका नदीवर जातात. चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळीभात, दहीभात. घाटाच्या पायरीवर ओल्या मातीची गौर करायची, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून पूजायचा, आणि वडीलधाऱ्या सवाष्णीकडून तो गळ्यात बांधून घ्यायचा. माझ्या गळ्यात तो दरवर्षी अक्का बांधायची. पाण्याला मातीचा वास, वाऱ्यानं उदबत्त्या विझताहेत, बायका एकमेकींचे पदर धरून खाली उतरताहेत, गायत्री पुढे.

अक्का आली होती, पण चार पायऱ्या वर थांबली. भाऊजी गेल्यापासूनची तिची पहिली अठरावी. तिनं आमचा दहीभाताचा डबा मांडीवर धरला होता. गायत्री वळून म्हणाली, “मावशी, ये ना गे.” अक्कानं मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी एक शब्द बोलले असते, “अक्का, तूंच बांध,” एवढंच, तर ती आली असती. लोकांनी तोंड वाकडं केलं असतं तर केलं असतं. मी कुणाच्या तोंडाला भिणारी नव्हे. पण मला टेपचा खळ्ळ आवाज आठवला, साक्कोट्टैचा तो चिक्कू आठवला, आणि मी गप्प बसले. आमच्या शेजारच्या फुलवालीकडे दोरा दिला. तिनं बांधला. माझ्या आणि गायत्रीच्याही.

परतताना अक्का माझ्या बरोबरीनं चालत होती. म्हणाली, “चिन्नी, चेन्नैंत माझी खाट हॉलमध्यें आहे. टीव्ही बंद होतो तेव्हां मज निजाला मिळतें. मज तरी कुठें घर आहे गे?” मी म्हणाले, “मुलाचें आहे कीं.” आजही ते वाक्य मला परत घेता आलं तर मी घरच काय, हातातल्या पाटल्यासुद्धा देईन.

एकोणिसाव्या दिवशी मी सही केली. आडीत शुभकार्य करू नये म्हणतात. दाव्याला ती अडचण नव्हती.

हुकूम मिळाला. आवणीच्या पहिलीला अक्काचा मुलगा गाडी घेऊन आला, तोवर नोटीस त्याच्या हातात पडली होती. तो अंगणात उभा राहून खूप बोलला. अक्का माडीवरून तिची पिशवी घेऊन उतरली, सरळ मागच्या अंगणात गेली आणि आईच्या अम्मीवरचा वरवंटा उचलला. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. पदरानं पुसला, पिशवीत ठेवला आणि गाडीत जाऊन बसली. पाटा न्यायला दोन माणसं लागली असती, तिनं तिला झेपेल तेवढी आई नेली. गायत्री तेव्हा सासरी जायला निघालेली, दारातच उभी होती. ती मावशीच्या पाया पडली. माझ्या पडायची विसरली, की विसरली नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

म्हणजे मी जिंकले. पण जिंकल्यावर वकील म्हणाले, “आता घर मोकळं सोडायचं नाही. दाराला चार दिवस कुलूप दिसलं की तो म्हणेल ताबा सोडला. खटला चालेल तेव्हा चालेल, तुम्ही आत राहा.” तेव्हापासून मी आत आहे. वर्ष होत आलं, एकही रात्र मी दुसऱ्या छपराखाली काढलेली नाही. तिरुविडैमरुदूरच्या रथाला गेले नाही, चुलतजावेच्या साठीला गेले नाही. बाजारात गेले तरी स्वयंपाकघराचा दिवा लावून जाते, म्हणजे कुणी आहे असं वाटावं. दर पहिल्या तारखेला भाडं बँकेतून जातं आणि फोनवर त्याचा निरोप येतो. विड्याची पानं मी आणत नाही. पाटा अंगणात तसाच पडलाय, त्याच्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं, चिमण्या पितात. वाटण मिक्सरमध्ये होतं. माडीवर आता पाऊल वाजत नाही आणि त्यानंच झोपमोड होते.

मुलीचं माहेर राहावं म्हणून हे सगळं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. गायत्रीला आठवा लागला. मी खोली पांढरी करून घेतली, पाळण्याची कडी तपासली, जुनी लुगडी धुऊन मऊ केली. आणि ही आडी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“अम्मा, रागावूं नको,” ती म्हणाली. “त्या घरांत मज बाळंत होणें नको. तिथें मज मावशीचें पाऊल ऐकूं येतें. तूंच इकडे ये.”

मी म्हणाले, “मज येतां येत नाही गे. घर सोडतां येत नाही.”

“मग घर सांभाळ,” ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, काळजीनं म्हणाली. तेच जास्त लागलं.

ह्यांना रजा मिळाली तरी आठच दिवसांची. शेजारणीला बसवावं तर ती घरातली नाही, वकिलांना ते चालत नाही. वारा सारखा दारं आपटत होता. मी दोन दिवस विचार केला. ह्या घरात महिनाभर येऊन बसेल, दिवा लावेल, दूध घेईल, आणि जिला इथली प्रत्येक कडी-बिजागरी ठाऊक आहे, असं माझ्या ओळखीचं जगात एकच माणूस होतं. प्रतिवादी नंबर दोन.

काल दुपारी मी फोन लावला. पलीकडे टीव्ही मोठ्यानं चालू होता, मग कुणीतरी खोकलं.

“अक्का, मी चिन्नी.”

टीव्हीचा आवाज लांब गेला, म्हणजे ती उठून बाहेर आली असावी.

“गायत्रीच्या बाळंतपणास जातें मी. घर बंद ठेवूं नये म्हणतात. तूं येऊन राहशील का? माडीवर नको, खालींच राहा. किल्ली फुलवालीकडे ठेवतें.”

मग तिनं विचारलं, “वकील काय म्हणतो?”

“त्याला काय कळतें?”

“आडी चालली आहे, चिन्नी. आडींत दुसऱ्या घरीं राहाला जाऊं नये.”

“दुसरें कुठलें? तुझेंच आहे.”

मग ती म्हणाली, “गाडी कितीला पोंचते तिकडे?” आणि मी सांगण्याआधीच, “जड आहे, पण वरवंटा घेऊन येतें.”

ती बहीण म्हणून येतेय की मालकीण म्हणून, ते मी विचारलं नाही. परतल्यावर ह्या दाराची कडी मला आतून लावता येईल की बाहेर उभं राहून वाजवावी लागेल, तेही माहीत नाही. ट्रंक भरून झाली आहे. मऊ लुगडी वर ठेवली आहेत. पाट्यातलं पाणी काढून तो घासूनपुसून उन्हात कोरडा केला आहे.

वकिलांना अजून सांगितलेलं नाही.